पाण्याच्या डब्यावर डिझेल वाचतं का? ट्रॅक्टरमधल्या हायड्रोजनचा खरा हिशेब

पेरणीचे दिवस जवळ आले, डिझेलचा खर्च डोळ्यांसमोर दिसू लागला, की मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटजवळ स्टीलचा एक डबा बसवलेला असतो. डब्यात पाणी, दोन वायरी बॅटरीला जोडलेल्या, आणि एक नळी एअर क्लिनरच्या पाइपात खुपसलेली. बोलणारा सांगतो की पाण्यातून हायड्रोजन निघतो, तो इंजिनात जळतो आणि डिझेल वाचतं. कुणी २० टक्के म्हणतं, कुणी ३०, कुणी थेट ४०. खाली फोन नंबर आणि "मर्यादित स्टॉक" असं लिहिलेलं असतं.

यातलं खरं किती, खोटं किती? हायड्रोजन डिझेल इंजिनात जळतो का? जळतो. जगात अशी इंजिनं चालू आहेत का? आहेत. मग हा डबा घ्यावा का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन उत्तरांपेक्षा वेगळं आहे, आणि माणूस फसतो तो इथेच. म्हणून सगळा विषय नीट समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- बाहेर तयार केलेला हायड्रोजन टाकीत भरून आणला, तर तो डिझेलच्या जोडीने इंजिनात जाळता येतो. हे तंत्र खरं आहे.
- इंजिनच्याच डायनामोच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन बनवायचा आणि तोच इंजिनला द्यायचा, यात डिझेल वाचत नाही, उलट थोडं जास्त लागतं.
- अशा किटमध्ये भडका उडण्याचा, कॉस्टिकने डोळे-कातडी भाजण्याचा आणि इंजिन बिघडण्याचा धोका आहे.
- वाहनात परवानगीशिवाय बदल केला, तर कायद्याची आणि विम्याची अडचण येऊ शकते.

हायड्रोजन म्हणजे नेमकं काय?

हायड्रोजन हा जगातला सर्वांत हलका वायू. त्याला रंग नाही, वास नाही. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. हायड्रोजन जळला की हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्याचं पाणी होतं. धूर नाही, कार्बन डायऑक्साइड नाही. म्हणूनच त्याला स्वच्छ इंधन म्हणतात.

वजनाच्या मानाने त्याची ताकद मोठी आहे. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. एक लिटर डिझेलमध्ये ती साधारण १० युनिट असते. म्हणजे एक किलो हायड्रोजन बरोबर साधारण सव्वातीन लिटर डिझेल. ऐकायला भारी वाटतं. पण हा वायू इतका हलका आहे की साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन ठेवायला ११ हजार लिटरहून जास्त जागा लागते. शेतावर पाण्यासाठी ठेवतात तशा हजार लिटरच्या अकरा टाक्या भरतील एवढी!

आता मुद्द्याची गोष्ट. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. चुलीतली राख जशी लाकूड जळून उरते, तसं पाणी हे हायड्रोजन जळून उरतं. राखेवर चूल पेटत नाही. राखेचं परत लाकूड करायचं म्हटलं तर जेवढी ऊर्जा जळताना निघाली, तेवढी तरी परत घालावी लागते. पाण्याचंही तसंच. पाणी फोडून हायड्रोजन काढता येतो, पण त्यासाठी वीज लागते, आणि ती वीज मिळणाऱ्या हायड्रोजनपेक्षा नेहमी जास्तच असते. मोठ्या आधुनिक कारखान्यांतही एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते आणि हाती ३३ युनिटांचं इंधन येतं.

डिझेल इंजिनात तो जळतो कसा?

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, हे आपल्याला माहीत आहेच. पिस्टन हवा दाबतो, हवा प्रचंड तापते, त्यात नोझल डिझेलचा फवारा मारतं आणि डिझेल आपोआप पेटतं. त्याला साधारण २१० ते २५० अंश सेल्सिअस तापमान पुरतं.

हायड्रोजनचं उलट आहे. ठिणगी मिळाली तर तो क्षणात भडकतो, पण ठिणगीशिवाय नुसत्या उष्णतेवर पेटायला त्याला ५०० अंशांच्या वर तापमान लागतं. त्यामुळे साध्या डिझेल इंजिनात एकटा हायड्रोजन भरवशाने पेटत नाही. त्याला पेटवायला थोडं डिझेल लागतंच. आधी डिझेल पेटतं आणि मग त्याच्या ज्वाळेवर हायड्रोजन पेटतो. याला दुहेरी इंधन किंवा ड्युएल फ्युएल पद्धत म्हणतात.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. गोबरगॅसवर डिझेल इंजिन चालवणारे लोक हेच करत आले आहेत. गॅस हवेबरोबर आत जातो, थोडं डिझेल काडीपेटीचं काम करतं आणि बाकी ताकद गॅस देतो. पण तिथे गॅस शेणापासून येतो, इंजिनच्या बाहेरून येतो. हा फरक लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब यावरच उभा आहे.

किटचा हिशेब, आकड्यांत

बाजारात एचएचओ किट, ड्राय सेल, ब्राऊन गॅस, हायड्रो किट अशी वेगवेगळी नावं ऐकू येतात. आतलं काम एकच. स्टीलच्या पट्ट्या, पाण्यात कॉस्टिक पोटॅश, आणि बॅटरीचा करंट. करंट गेला की पाणी फुटतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिसळून बाहेर येतात.

समजा किट १२ व्होल्टवर २० अँपिअर ओढतं. म्हणजे २४० वॅट. पट्ट्यांचे सहा कप्पे एकापुढे एक जोडलेले आहेत असं धरू. तर हिशेब असा बसतो:

मिळतं काय? तासाला साधारण ७५ लिटर मिश्र गॅस, म्हणजे मिनिटाला सव्वा लिटर. बाटलीत बुडबुडे जोरात दिसतात, माणूस खूश होतो. पण त्यातला हायड्रोजन तासाला फक्त साडेचार ग्रॅम. त्याची ताकद किती? सुमारे १५ मिलीलिटर डिझेलएवढी. खोकल्याच्या औषधाचे तीन छोटे चमचे!

लागतं काय? २४० वॅट वीज बनवताना डायनामो स्वतः ताकद खातो. त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर इंजिनकडून ४०० वॅट, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरपेक्षा थोडी जास्त ताकद ओढली जाते. ती ताकद द्यायला इंजिनला तासाला १०० ते १३० मिलीलिटर डिझेल जास्त जाळावं लागतं.

म्हणजे शंभर-सव्वाशे मिलीलिटर डिझेल घालून पंधरा मिलीलिटरचा माल परत मिळतो. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर तासाला नऊ ते बारा रुपये खर्च आणि परत मिळतो सव्वा ते दीड रुपया. हा धंदा कोणता शेतकरी करेल?

आणि एकूण खर्चात याचं प्रमाण बघा. ४५ एचपीचा ट्रॅक्टर नांगरटीला तासाला पाच लिटर पितो असं धरा. पाच लिटरमध्ये १५ मिलीलिटर म्हणजे शेकडा ०.३. समजा तो हायड्रोजन फुकट मिळाला असता, तरी बचत एका टक्क्याच्या आत राहिली असती. ३० टक्के येणार कुठून?

विक्रेता काय म्हणतो आणि खरं काय

*"डायनामो तर चालूच असतो, त्याची वीज फुकटच आहे."*
फुकट नाही. रात्री ट्रॅक्टर स्लोवर उभा करा आणि सगळे लाईट एकदम लावा. इंजिनचा आवाज किंचित जड झालेला ऐकू येईल. डायनामोवर लोड आला की तो फिरायला जड होतो, आणि ते ओझं इंजिन डिझेल जाळून उचलतं.

*"हायड्रोजन कमी असला तरी तो डिझेल पूर्ण जाळतो, म्हणून मायलेज वाढतं."*
हा दावा सगळ्यात जास्त चालतो, कारण सायलेन्सरमधून काळा धूर निघताना आपण बघतो आणि वाटतं, केवढं डिझेल न जळता वाया चाललंय! प्रत्यक्षात ठीक अवस्थेतल्या डिझेल इंजिनात ९८ टक्क्यांहून जास्त डिझेल जळतंच. वाया जाते ती उष्णता. ती रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. न जळलेलं सगळं डिझेल जाळलं, तरी फायदा एक-दोन टक्क्यांचा. शिवाय सुमारे तीन लिटरचं इंजिन १८०० आरपीएमला मिनिटाला २७०० लिटर हवा ओढतं. त्यात सव्वा लिटर गॅस म्हणजे किती, ते तुम्हीच बघा. काळा धूर येत असेल तर त्याचं कारण एअर क्लिनर, नोझल, पंप किंवा जादा लोड यांत शोधावं.

*"परदेशात सगळे वापरतात, सरकार दाबून ठेवतंय."*
पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा परदेशातही जुना आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्टॅन्ली मेयर नावाच्या माणसाने पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा दावा करून लोकांकडून पैसे घेतले. प्रकरण कोर्टात गेलं. १९९६ मध्ये कोर्टाने ती उघड फसवणूक ठरवली आणि गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून जास्त उपकरणं तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

मग काहींना फरक का जाणवतो?

किट लावलेले काही जण मनापासून सांगतात की फरक पडला. ते खोटं बोलतात असं नाही. किट बसवताना मिस्त्री बहुतेक वेळा एअर क्लिनर साफ करतो, फिल्टर बदलतो, कधी पंपाची सेटिंगही थोडी खाली घेतो. डिझेल कमी लागतं ते त्यामुळे, पण श्रेय डब्याला जातं. दुसरं म्हणजे पैसे घातल्यावर माणूस ॲक्सिलरेटर जपून दाबतो. तिसरं, जमीन बदलली, ओल बदलली, नांगराची खोली दोन बोटं कमी झाली, की डिझेलचा आकडा सहज १०-२० टक्के इकडेतिकडे होतो. आधी काळ्या रानात मोजलं आणि नंतर मुरमाड रानात मोजलं, तर त्या मोजण्याला काही अर्थ राहत नाही.

धोके: हे नीट वाचा

१) भडका. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही मिसळला तरी पेटतो. त्याला लागणारी ठिणगी पेट्रोलच्या मानाने दहा पटींहून कमी ताकदीची असली तरी चालते. किटमधून तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन आधीच मिसळलेले निघतात, म्हणजे मसाला तयारच असतो. ज्वाळा नळीतून उलटी डब्याकडे आली तर डबा फुटतो. त्याची ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसतही नाही.

२) कॉस्टिक. डब्यातलं पाणी साधं नसतं. कॉस्टिक पोटॅश किंवा कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला तर कायमची नजर जाऊ शकते. अंगावर उडालं तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवत राहा आणि दवाखाना गाठा. घरात ते पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोरंटोरं पितात.

३) मीठ घालणं. कॉस्टिक मिळालं नाही म्हणून काही जण मीठ टाकतात. मिठाच्या पाण्यात करंट सोडला की विषारी क्लोरीन वायू निघतो. हे कधीही करू नका.

४) तपकिरी पाणी. स्टीलच्या पट्ट्या झिजून पाणी तपकिरी-पिवळं होतं. त्यात क्रोमियमचे विषारी क्षार असू शकतात. ते विहिरीजवळ, पाटात किंवा गोठ्यात ओतू नका.

५) इंजिन आणि वायरिंग. सतत २०-३० अँपिअर ओढल्याने डायनामो आणि बॅटरी लवकर जातात. पातळ वायर तापून आग लागू शकते. कॉस्टिकचं पाणी गॅसबरोबर आत गेलं तर इंजिनातले ॲल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात. नव्या कॉमन रेल इंजिनांत सेन्सर फसवणारी पेटी लावली तर दुरुस्तीचा खर्च किटच्या कितीतरी पट होऊ शकतो.

मग खरं काम कुठे चाललंय?

हायड्रोजन आणि डिझेल एकत्र जाळणारी खरी इंजिनं आहेत, आणि त्यांच्याकडे बघितलं की फरक लगेच कळतो. तिथे हायड्रोजन बाहेर बनतो, जाड टाक्यांत दाबून भरला जातो, आणि संगणक ठरवतो की किती आणि कधी आत सोडायचा.

बेल्जियममधल्या सीएमबी कंपनीने २०१७ मध्ये हायड्रोव्हिल नावाची प्रवासी बोट आणली. ती हायड्रोजन आणि डिझेल अशा दोन्हींवर चालते. त्यानंतर २०२३ मध्ये अँटवर्प-ब्रुज बंदरात हायड्रोटग नावाची जहाजं ओढणारी बोट आली. तिच्यावरच्या टाक्यांत ४०० किलोहून जास्त हायड्रोजन मावतो. स्कॉटलंडच्या ॲबरडीन शहरात कचरा उचलणाऱ्या काही गाड्या याच पद्धतीने चालवल्या गेल्या. नेदरलँड्समध्ये न्यू हॉलंडच्या ट्रॅक्टरवर असा प्रयोग झाला. त्यात हायड्रोजनच्या टाक्या केबिनच्या छतावर बसवल्या.

सगळ्यात गाजलेलं काम ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचं. सिडनीतले प्राध्यापक शॉन कूक यांच्या गटाने २०२२ मध्ये जाहीर केलं की त्यांनी जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात हायड्रोजनसाठी वेगळं इंजेक्टर बसवलं आणि ९० टक्के इंधन हायड्रोजन वापरून इंजिन चालवलं. कार्बन डायऑक्साइड ८५ टक्क्यांहून जास्त घटला आणि कार्यक्षमता २६ टक्क्यांनी वाढली. व्हिडिओवाले हाच २६ चा आकडा उचलतात. पण तो प्रयोगशाळेतल्या, टाकीतला हायड्रोजन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या यंत्राचा आहे. पाण्याच्या डब्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

या खऱ्या तंत्रातही अडचणी आहेत. हायड्रोजन जास्त झाला तर इंजिन ठोकतं, गॅस हवेच्या पाइपातच पेटू शकतो, आणि ज्वाळा जास्त गरम असल्यामुळे नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड वाढू शकतात. म्हणून वेळ, प्रमाण आणि तापमान सांभाळणारी यंत्रणा लागते.

आपल्याकडे काय चाललंय?

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. त्याची तरतूद १९,७४४ कोटी रुपये असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन बनवायचं लक्ष्य आहे. हरित म्हणजे सौर, पवन अशा विजेवर बनवलेला. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जुलै २०२३ मध्ये राज्याचं हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं, त्यासाठी ८,५६२ कोटी रुपये ठेवले.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी बनवलेली हायड्रोजन फ्युएल सेल बस ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवली गेली. मार्च २०२५ मध्ये केंद्राने ३७ हायड्रोजन बस-ट्रक आणि ९ भरणा केंद्रांच्या चाचणी प्रकल्पांना मंजुरी दिली. त्या मार्गांमध्ये पुणे-मुंबईही आहे. दिल्ली आयआयटीमध्ये प्राध्यापक एल. एम. दास यांनी हायड्रोजन इंजिनांवर अनेक वर्षं काम केलं. तिथलं तंत्र आणि महिंद्रा कंपनी यांच्या सहकार्याने हायड्रोजनवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या २०१२ मध्ये दिल्लीत दाखवल्या गेल्या.

म्हणजे देशात काम चालू आहे. पण बघा, यातलं काहीही पाण्याच्या डब्यावर चाललेलं नाही.

ट्रॅक्टरला खरा हायड्रोजन परवडेल का?

आज तरी अवघड. तासाला पाच लिटरप्रमाणे आठ तास काम म्हणजे ४० लिटर डिझेल. तेवढ्या ताकदीसाठी सुमारे १२ किलो हायड्रोजन लागेल. ३५० बारच्या दाबाने भरला तरी त्याला सुमारे ५०० लिटरच्या टाक्या लागतात. वेल्डिंगच्या दुकानात दिसतो तसा उंच लोखंडी सिलिंडर वापरायचा म्हटलं, तर एका सिलिंडरमध्ये जेमतेम ६०० ग्रॅम हायड्रोजन मावतो, म्हणजे दोन लिटर डिझेलएवढी ताकद. दिवसाला असे वीस सिलिंडर लागतील!

आणि पैसे? एक किलोला ५० युनिट वीज, ८ रुपये युनिट धरली तर नुसत्या विजेचे ४०० रुपये. त्यात मिळतं सव्वातीन लिटर डिझेलचं काम, म्हणजे जवळपास ३०० रुपयांचं. यंत्र, दाबयंत्र, वाहतूक वेगळीच. वीज खूप स्वस्त झाली आणि गावाजवळ भरणा केंद्र आलं, तर गणित बदलेल. तोपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही. सीएनजी किट जसं मान्यताप्राप्त असावं लागतं आणि आरसी बुकवर नोंदवावं लागतं, तोच नियम इथेही समजा. किटची मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून असली पाहिजे. "आमच्याकडे सर्टिफिकेट आहे" असं कुणी म्हटलं, तर ते कोणत्या संस्थेचं आणि कशाचं, हे वाचा. दुकानाची नोंदणी, जीएसटी नंबर किंवा उद्यम प्रमाणपत्र म्हणजे किटची मान्यता नव्हे. दाबाखालच्या गॅस सिलिंडरांचे नियम वेगळे आहेत आणि ते बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

विनापरवाना बदल केलेल्या ट्रॅक्टरला आग लागली, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. नव्या ट्रॅक्टरची वॉरंटीही जाऊ शकते. कर्जाचा ट्रॅक्टर असेल तर हप्ते मात्र चालूच राहतात.

तरीही कुणी गळ घातली, तर अशी परीक्षा घ्या

पैसे देण्याआधी विक्रेत्याला सांगा, "माझ्या रानात मोजून दाखव."

- एकच रान, एकच अवजार, तीच खोली, तोच गिअर, तोच ड्रायव्हर.
- ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरा. एक एकर काम करा. परत त्याच जागी उभा करून काठोकाठ भरा. जेवढं डिझेल मावलं, तेवढं लागलं. मोजमापाच्या भांड्याने मोजा.
- किट चालू आणि किट बंद, असे निदान तीन-तीन फेरे आलटून पालटून करा.
- किट चालू आहे की बंद, हे ड्रायव्हरला कळू देऊ नका. बटण दुसऱ्याच्या हातात ठेवा.
- मध्ये पंप, नोझल, एअर क्लिनर यांना विक्रेत्याला हात लावू देऊ नका.

खात्री असलेला माणूस यासाठी तयार होईल. बहुतेक जण इथेच गाडीला किक मारतात.

पैसे आधीच गेले असतील तर बिल, जाहिरात, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

डिझेल खरंच वाचवायचं तर

डब्याला घालायचे पैसे पुढच्या कामांना लावा:

- गळती. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला सुमारे १८० मिलीलिटर जातं. दिवसरात्र गळलं तर चार लिटरच्या वर. आधी वॉशर आणि पाइप बघा.
- एअर क्लिनर. धुळीच्या कामात तो रोज बघायचा. ऑइल बाथचा असेल तर तेल वेळेवर बदला.
- नोझल आणि पंप. काळा धूर दिसला तर चांगल्या पंप मिस्त्रीकडून तपासून घ्या.
- गिअर. हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी आरपीएम. इंजिन किंचाळत ठेवून काम लवकर होत नाही, डिझेल मात्र संपतं.
- टायर. रानात चाक फार घसरत असेल तर वजन आणि हवा जुळवून घ्या. घसरणारं चाक डिझेल जाळतं आणि काम करत नाही.
- अवजार. ट्रॅक्टरच्या ताकदीला साजेसं असावं. बोथट फाळ आणि झिजलेले रोटाव्हेटरचे पाते बदला.
- उभं इंजिन. बांधावर गप्पा मारताना ट्रॅक्टर बंद करा.
- नवा ट्रॅक्टर घेताना मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. त्यात डिझेलचा खप मोजून दिलेला असतो.
- डिझेल पंप असेल तर "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेची चौकशी करा. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. डिझेलला खरा पर्याय आज इथे आहे.

शेवटचं

हायड्रोजन खोटा नाही. उद्या कदाचित आपल्या तालुक्याच्या रस्त्यावरून हायड्रोजनचा ट्रक जाईल, आणि पुढे कधीतरी ट्रॅक्टरही येईल. पण तो हायड्रोजन कुठल्यातरी कारखान्यात, उन्हाच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर बनलेला असेल. आपल्याच इंजिनची ताकद काढून परत त्यालाच घालणारा डबा म्हणजे बैलाला त्याच्याच पाठीवरचा चारा दाखवण्यासारखं आहे. बैल चालतो तेवढाच, ओझं मात्र वाढतं.

व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा: या हायड्रोजनसाठी लागणारी वीज आली कुठून? उत्तर "इंजिनमधूनच" असेल, तर खिशात हात घालू नका.